पुदिना, बाळंतशोपा आणि रेणूचा डावा-उजवा

बाळंतिणीला जेवणानंतर देतात त्या भाजलेल्या बाळंतशोपा आणि चटणीसाठी निवडायला घेतलेली पुदिन्याची जुडी. डोळे बांधले तरी या दोन वासांत कुणाची गफलत व्हायची नाही. तरीही दोन्हींच्या वासात मोठा वाटा एकाच संयुगाचा आहे. त्याचं नाव कार्व्होन. दोन्हीकडे कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. कोण कुणाला जोडलेला, तेही सारखंच. फक्त एक रेणू म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब.

उजवी चप्पल डाव्या पायात घालून पाहा. माप तेच, चामडं तेच, पण अंगठा कुठेतरी भलतीकडेच जातो. कार्व्होनच्या कड्यातल्या एका कार्बनला चार बाजूंनी चार वेगवेगळे गट जोडलेले असतात. तेवढी एक मांडणी उलटली, की पुदिन्याचा रेणू बाळंतशोपांचा होतो. दोघांचा उत्कलनबिंदू एक, घनताही एक. अशी जोडी पहिल्यांदा वेगळी केली लुई पाश्चरने, १८४८ साली. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक त्याने चिमट्याने एकेक करून वेचले होते. आपलं नाक कार्व्होनच्या बाबतीत हे काम एका श्वासात उरकतं!

ते कसं? नाकाच्या छतापाशी वास ओळखणारी ग्राही प्रथिनं असतात, माणसात सुमारे ४०० प्रकारची. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली उंदरात शोधली. त्यासाठी २००४ चं नोबेल मिळालं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती जवळपास सगळी ‘डावी’ असतात. त्यामुळे रेणू जिथे जाऊन बसतो तो ग्राहीतला खळगाही एकाच हाताचा. पायच डावा, म्हणून चप्पल कुठली ते कळतं.

संत्रं आणि लिंबू हीसुद्धा लिमोनीन या सालीतल्या वासाच्या संयुगाची अशीच जोडी, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. दोन्हींच्या सालीत मुख्यतः उजवंच लिमोनीन असतं. लिंबाचा लिंबूपणा येतो सिट्रल या वेगळ्याच संयुगामुळे.

आकारावरून वास ठरतो, हे जॉन अमूर या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत हिरिरीने मांडलं. त्यांचं लाडकं उदाहरण कापराचं. कापराचा रेणू गोलसर असतो. हेक्झाक्लोरोइथेनमध्ये कार्बनचे २ आणि क्लोरिनचे ६ अणू. कापराशी त्याचं काही नातं नाही, पण तोही गोलसर आणि त्यालाही कापरासारखाच वास. मात्र ‘एक आकार, एक खळगा, एक वास’ इतकं सरळ गणित पुढे टिकलं नाही. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-जास्त चेतवतो, एक ग्राही अनेक रेणूंना दाद देते, आणि त्या सगळ्यांतून मेंदू वास ठरवतो.

म्हणून आरसा दर वेळी वास बदलतोच असं नाही. कापराच्या झाडापासून मिळणारा कापूर उजवा. आरतीच्या ताटातल्या बहुतेक वड्या मात्र टर्पेंटाइनपासून बनवलेल्या. त्यांत डावे-उजवे निम्मे-निम्मे. पुदिना आणि बाळंतशोपा चटकन वेगळ्या ओळखणाऱ्या नाकाला इथे काही फरक जाणवत नाही.