उघड्या हौद्यातलं सामान: झाकलेलं आणि कुलूपबंद

पिकअपच्या हौद्यावर कव्हर बसवलं की सामानाची काळजी मिटली, असं समजणारे पुष्कळ. त्यातून कव्हरला किल्ली असली तर विचारायलाच नको. पण कव्हर आणि कुलूपबंद पेटी या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांना अडवतात. जाता जाता हौद्यात डोकावणाऱ्याला कव्हर अडवतं. ज्याचा बेत आधीच ठरलाय आणि ज्याच्या पिशवीत कटावणी आहे, त्याला अडवायला पेटी लागते. गल्लत होते ती विकत घेताना: पैसे पहिल्यासाठी मोजायचे आणि भरवसा दुसऱ्याच्या बाबतीत ठेवायचा.

मऊ कव्हर बघा. व्हिनाइलचं, केबिनच्या बाजूला गुंडाळता येणारं. मागच्या दांड्याला कुलूप असेल, तर त्या कुलपाने दांडा जागेवर राहतो, इतकंच. बऱ्याच कव्हरांच्या दोन्ही कडा वेल्क्रोने चिकटवलेल्या असतात आणि त्या बोटांनी सुटतात. एवढा खटाटोप तरी कोण करतो? घडीच्या चाकूने एक तिरकी चीर दिली की हात आत जातो. म्हणजे ड्रिलची बॅग गेली ती गेलीच, वर कव्हरही नवं घ्यायचं. ताडपत्रीची गोष्ट याहून वेगळी नाही. आणि ताडपत्री ज्या रॅचेट पट्ट्यांनी आवळतो त्या पट्ट्या सामान रस्त्यावर सांडू नये म्हणून असतात. चोराच्या दृष्टीने ते नुसतं नायलॉन.

तरीही मी मऊ कव्हर टाकाऊ म्हणणार नाही. आत काय आहे हे कळलं नाही तर बहुतेक जण हात घालायला धजत नाहीत, आणि कव्हरची सगळी ताकद या न कळण्यात आहे. ती टिकवणं मात्र आपल्या हातात असतं. हौदा भरलेला असतानाच कव्हर ओढायचं आणि रिकामा असताना उघडा ठेवायचा, या सवयीमुळे बंद कव्हर हीच चोराला खबर ठरते. भरलेला असो वा रिकामा, कव्हर कायम बंद ठेवावं. सामान झाकायचं ते निघतानाच. मुक्कामाला पोचल्यावर वाहनतळावर उभं राहून, चार जणांसमोर जनरेटर मागे ढकलायचा आणि मग वर कव्हर ओढायचं, यात लपवलं काय? ताडपत्रीचंही तेच: तिच्या उंचवट्यावरून आत काय आहे याचा अंदाज लांबूनच बांधता येतो. सपाट बसणारं कव्हर त्या मानाने काही बोलत नाही.

खरा घोळ होतो तो कडक कव्हरपाशी. अॅल्युमिनियमच्या किंवा तशाच टणक फळ्यांचं, घड्या घालून पुढे सरकवता येणारं हे कव्हर चाकूला दाद देत नाही. दिसायला भक्कम आणि हाताला तर त्याहून भक्कम लागतं. त्यामुळे त्याला पेटीच समजण्याचा मोह होतो. पण यातल्या बऱ्याच कव्हरांच्या खिट्ट्या खालच्या, आतल्या अंगाला असतात. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली उघडणारं दार, बंद असला की हात तिथे पोचत नाही आणि म्हणून कव्हर ‘लॉक’ झालं असं म्हणायचं. म्हणजे सगळी भिस्त फाळक्यावर! फाळका नुसता ओढून उघडत असेल तर वरच्या फळ्या कितीही जाड असोत, आत जायला दार मोकळंच आहे.

रिमोटने दारं बंद होताना फाळकाही बंद होतो, असं कित्येकांनी गृहीत धरलेलं असतं. काही गाड्यांत होतो, काहींत फाळक्याची किल्ली वेगळी असते, आणि काहींच्या फाळक्याला कुलूपच नसतं. खात्री करायला कंपनीचं पुस्तक उघडायची गरज नाही. रिमोट दाबायचा, मागे जायचं आणि फाळक्याचं हँडल ओढून बघायचं.

फाळक्याबद्दल आणखी एक. अनेक पिकअपचा फाळका अर्धवट उघडून, बाजूच्या दोन वायर सोडवून, ठरावीक कोनात वर उचलला की बिजागरीतून अख्खा निघतो. एकही पाना लागत नाही. अवजड माल चढवताना आडवा येऊ नये म्हणून केलेली ही सोय चोरांच्याही पथ्यावर पडते. कॅमेरा बसवलेला फाळका तर स्वतःच चोरण्याजोगा माल असतो. फाळक्याला कुलूप असेल तर प्रश्न बराचसा सुटतो. नसेल तर ज्या बाजूने फाळका निसटतो, त्या बिजागरीभोवती पाइपाला लावतात तसली होज क्लिप आवळून टाकतात. फाळका नेहमीसारखा उघडतो, पण क्लिप काढल्याशिवाय उचलून निघत नाही. क्लिपने चोर थांबेलच असं नाही, पण स्क्रूड्रायव्हर काढून तिच्याशी झटावं लागतं, आणि भर रस्त्यात तेवढा वेळही पुष्कळ असतो.

आता पेटी. केबिनच्या मागे हौद्यावर आडवी बसणारी, पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची. ती काही लपवत नाही. उलट आत हत्यारं आहेत हे लांबूनच सांगते. त्यामुळे तिने टिकायलाच हवं, आणि दुकानात तिची पारख करताना बहुतेक जण चुकीच्या जागी बघतात. कुलूप बघतात; बघायला हवी झाकणाची कड. कटावणी कुलपाला हातही लावत नाही. ती झाकण आणि पेटी यांच्यातल्या फटीत शिरते आणि झाकण वाकवते. एकेरी पत्र्याचं झाकण कोपऱ्यात धरून वर ओढा: बोट आत जाण्याइतकं ते उचललं गेलं, तर कटावणीही जाणार. दुहेरी पत्र्याचं, कड आत वळवलेलं आणि दोन ठिकाणी खिट्टी बसणारं झाकण घ्यावं.

दुसरी बघायची जागा म्हणजे पेटी गाडीला कशी धरलीय ती. कित्येक पेट्या हौद्याच्या कठड्याला आकड्यासारख्या बोल्टने नुसत्या अडकवलेल्या असतात, कारण गाडीला भोक पाडायचा जीव होत नाही. हे बोल्ट बाहेरून सोडवता आले, तर पेटी फोडायचीही गरज नाही. दोघांनी मिळून उचलायची, घरी नेऊन सावकाश उघडायची. नट पेटीच्या आतच असले पाहिजेत, म्हणजे पेटी उघडल्याशिवाय तिथे पाना पोचणार नाही.

आणि कुलूप? त्याची किल्ली हातात घेऊन तिच्यावरचा नंबर वाचा. सीएच७५१ असेल तर कुलूप तडक बदला. याच नंबरच्या किल्लीने उघडणारी छोटी कुलपं असंख्य कॅम्परच्या कप्प्यांना आणि हौद्यावरच्या टपांना बसवलेली आहेत, आणि ती किल्ली सुटी विकतही मिळते. पेटीला कोयंडा असेल तर कडी झाकली जाईल असं कुलूप घ्यावं, म्हणजे बोल्ट कटरच्या जबड्याला पकडायला काही उरत नाही. कुलपांसाठी ईएन १२३२० नावाचं युरोपीय मानक आहे, त्यात १ ते ६ अशा श्रेणी असतात. आकडा जितका मोठा तितकं कुलूप दणकट.

काही कंपन्यांनी हा कप्पा गाडीच्या अंगातच दिला. २००५ साली आलेल्या होंडा रिजलाइनमध्ये हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद डिकी आहे, तर २००९ च्या डॉज रॅममध्ये हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत ‘रॅमबॉक्स’ मिळू लागला. झाकायचंही आणि कुलूपही लावायचं, ही दोन्ही कामं एकदम साधणारी जागा म्हणाल तर माझ्या मते रिजलाइनची डिकी. अडचण एकच, वर माल लादला की ती उघडता येत नाही. मालकालाही आणि चोरालाही!

पेटीत न मावणारं सामान साखळीवर येतं. बारीक वायर रोप हातातल्या कटरनेच तुटते, तिच्या भरवशावर राहू नये. १३ मिलीमीटर किंवा त्याहून जाड, कठीण केलेल्या पोलादाची साखळी हाताने चालवायच्या बोल्ट कटरला सहसा जुमानत नाही. पण साखळी ओवता कुठून, ते बघा. जनरेटरच्या हँडलमधून ओवली तर दोन बोल्ट सोडले की हँडल आणि साखळी तुमच्याकडे, जनरेटर त्याच्याकडे. बंद चौकटीतून ओवावी. ढील ठेवू नये. साखळी आणि कुलूप हौद्याच्या तळाला टेकू देऊ नये, कारण कटरचा एक दांडा तळावर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. हौद्यातली माल बांधायची कडी नुसती दोन स्क्रूंवर बसवलेली असेल, तर साखळी कितीही जाड असली तरी चोर स्क्रूच काढेल.

पैसे मोजकेच असतील तर आधी फाळक्याचं कुलूप, मग लहान आणि महागाच्या हत्यारांपुरती चांगली पेटी, आणि कव्हर त्यानंतर, असा क्रम मी लावीन. दुकानदार बहुधा उलटं सांगेल. गाडी उभी करतानाही दोन्हींच्या गरजा वेगळ्या असतात. कडक कव्हर असेल तर फाळका भिंतीला अगदी लागून उभी करा. फाळका उघडायला जागाच नसेल तर आतल्या खिट्ट्यांपर्यंत पोचणं अवघड होतं. बाजूने उघडणाऱ्या पेटीला भिंतीचा उपयोग शून्य. तिच्यासाठी दोन्ही बाजूंना उजेड पडेल अशी वर्दळीची जागा शोधावी लागते.