जबड्याच्या सांध्याचे दुखणे व दात खाणे : शस्त्रक्रियेविना उपचार

जबड्याचा सांधा दुखणे आणि झोपेत दात खाणे या तक्रारींवर चिरफाड न करता केल्या जाणाऱ्या उपचारांत समज देणे, सवयी मोडणे, शेक, व्यायाम, औषधे आणि रात्री दातांवर बसवायची ॲक्रिलिकची पट्टी यांचा समावेश होतो. या पट्टीला दवाखान्यात ‘स्प्लिंट’ आणि रुग्णांच्या बोलण्यात ‘नाइट गार्ड’ म्हणतात. दोन्ही तक्रारी बहुधा एका दमात सांगितल्या जातात, पण त्या एक नव्हेत. दात खाणाऱ्या कित्येकांचा सांधा कधीच दुखत नाही आणि सांधा दुखणारे सगळेच दात खात नाहीत. पट्टीकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या जातात त्या या गल्लतीमुळेच.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की आत काहीतरी सरकल्यासारखे जाणवते, तो हा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते आणि दोहोंच्या मध्ये तंतुमय कूर्चेची पातळ चकती असते. तोंड उघडताना टोक आधी जागच्या जागी फिरते, मग चकतीसकट पुढे घसरते. चकती जागेवरून पुढे सरकलेली असेल, तर टोक तिच्यावर पुन्हा चढताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पुरते उघडत असेल, तर काहीही करू नये. पुष्कळ धडधाकट माणसांचा जबडा असाच वाजतो. चकती अडकूनच बसली तर मात्र तोंड उघडत नाही. मोठ्या माणसाचे तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा अधिक उघडते. स्वतःची तीन बोटे उभी आत गेली तर ठीक समजावे.

गुटखा-सुपारीचे व्यसन असलेल्या माणसाचे तोंड उघडेनासे झाले, तर सांध्याचा विचार नंतर करावा. गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठ होणे, तिखट झोंबणे ही ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ची लक्षणे असतात. हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही तोंड उघडण्याची तक्रार आली की दंतवैद्य आधी गाल तपासतात ते यासाठीच.

वेदना मात्र बहुतेक वेळा सांध्यापेक्षा स्नायूंत असते: गालातील मॅसेटर आणि कानशिलावरील टेम्पोरॅलिस या चावण्याच्या स्नायूंत. ती कानात, डोक्यात, कधी दाढेत जाणवते. त्यामुळे रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो आणि कान स्वच्छ निघतो. या दुखण्याचे पहिले गाजलेले वर्णनही 1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने केले. दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि सांध्यामागच्या नसा दाबल्या जातात, अशी त्याची उपपत्ती होती. शरीररचनेच्या अभ्यासात ती टिकली नाही. पण ‘दात नीट जुळवले की दुखणे जाईल’ ही समजूत पुढे अनेक दशके राहिली, आणि तिच्यापायी पुष्कळ चांगले दात यंत्राने घासून कमी केले गेले.

झोपेत दात खाण्याचा उगमही दातांत नाही. झोप क्षणभर उथळ होते, मेंदूची हालचाल आणि हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ चावण्याचे स्नायू लयीत आकसतात. प्रौढांपैकी साधारण 8 ते 13 टक्के लोकांत हे आढळते. मानसिक ताण, मद्य, तंबाखू, जास्त चहा-कॉफी, नैराश्यावरची काही औषधे आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. लहान मूल दात खाऊ लागले की घरातली वडीलधारी माणसे ‘पोटात जंत झालेत’ म्हणतात. जंताचे औषध मुलाला वेळच्या वेळी द्यावेच, पण जंतांमुळे दात खाल्ले जातात हे पक्के सिद्ध झालेले नाही. मुलांचे दात खाणे बहुधा वाढत्या वयात आपोआप थांबते, आणि जबडा वाढत असल्याने त्यांना सहसा पट्टी देत नाहीत. जागेपणी दात आवळून धरणे हा निराळा प्रकार आहे. तज्ज्ञांच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने हे दोन्ही प्रकार वेगळे काढले आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणे हा रोग न मानता एक वर्तन मानावे, असे म्हटले.

उपचाराची सुरुवात सांगण्या-समजावण्याने होते, आणि माझ्या मते सर्वात जास्त गुण याच भागाचा असतो. ओठ मिटलेले असतानाही वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती ठेवावी, ओठ मिटावेत, दात सुटे ठेवावेत. संगणकापुढे बसताना किंवा गाडी चालवताना ही आठवण दिवसातून अनेकदा करावी. काही आठवडे मऊ भात, खिचडी असे अन्न घ्यावे. दाताने ऊस सोलणे, चिक्की, च्युइंग गम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे जबडा फार उघडत नाही. गालाला ओला गरम शेक, बोटांनी स्नायू चोळणे, आणि जीभ टाळूला लावूनच तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. दुखणे नवे असेल तर थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या देतात.

पट्टी करताना दोन्ही जबड्यांचे माप घेतात. पूर्वी फक्त अल्जिनेटच्या लगद्यात, आता बऱ्याच ठिकाणी स्कॅनरने. सर्वाधिक वापरली जाणारी पट्टी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते: टणक, पारदर्शक, वरच्या सगळ्या दातांना झाकणारी, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची. प्रयोगशाळेतून आली म्हणून ती तयार झाली असे नव्हे. रुग्णाच्या तोंडात बसवून, मध्ये रंगीत कागद धरून त्याला चावायला सांगतात. जिथे ठसा गडद उमटतो तिथे बराने, म्हणजे यंत्राच्या फिरत्या टोकाने, पट्टी किंचित घासतात, पुन्हा चावायला लावतात. खालच्या प्रत्येक दाढेचा ठिपका सारख्या जोराने उमटेपर्यंत आणि जबडा बाजूला सरकवताना फक्त सुळे टेकेपर्यंत हे चालते. घाईने बसवलेली पट्टी नवे दुखणे देते. पहिल्या काही रात्री लाळ सुटते, बोलणे बोबडे होते. सकाळी ती थंड पाण्याने ब्रश करून डबीत ठेवावी. गरम पाण्याने ती वाकते.

काही महिन्यांनी पट्टीवर घासल्याच्या चकचकीत रेघा दिसतात. याचा अर्थ दात खाणे चालूच आहे, फक्त झिजते आहे ते ॲक्रिलिक. तिचे खरे काम दात, कॅप आणि फिलिंग वाचवण्याचे. सवय ती मोडत नाही. दुखणे थांबवण्याबाबत तर पुरावा तोकडाच आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2023 मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे छापली, त्यांत वर्तनोपचार, देखरेखीखालचा व्यायाम आणि हाताने केलेली फिजिओथेरपी यांची जोरदार शिफारस होती. काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांबाबत कौल सौम्यपणे विरोधात होता. स्नायू ढिले करणाऱ्या बोट्युलिनम (बोटॉक्स) इंजेक्शनचीही तीच गत. त्याने चावण्याचा जोर कमी होतो, पण परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो. फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या छोट्या पट्ट्या जपून वापराव्यात. दीर्घ वापराने मागचे दात वर येऊन पुढचे दात मिटेनासे होऊ शकतात. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाची आधी झोपेची तपासणी व्हावी, कारण श्वास अडकत असेल तर वरच्या जबड्यावरची पट्टी त्यात भर घालू शकते.

परत फिरता येईल असेच उपचार आधी करावेत, या आग्रहाला कारण आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत सांध्यातील चकती काढून तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाचे रोपण बसवण्याची लाट आली होती. ते आत झिजून तुटले, त्याच्या कणांनी हाड खाल्ले, आणि 1990-91 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ते परत मागवले. तोवर कित्येक रुग्णांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या होत्या. गाठ, अस्थिभंग, सांधा हाडाने जुळून जाणे यांसाठी शस्त्रक्रियेला पर्याय नाही. साध्या दुखण्यासाठी मात्र तिच्यापर्यंत क्वचितच जावे लागते.

अमेरिकेत तोंड व चेहऱ्याच्या वेदना ही 2020 पासून दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. भारतात ती तशी नसल्याने हा रुग्ण मुखरोगतज्ज्ञ, कृत्रिम दंततज्ज्ञ किंवा मुखशल्यचिकित्सक यांच्यापैकी कोणाकडेही पोचतो. निवड करायचीच तर पहिल्याच भेटीत दात यंत्राने घासून जुळवून घ्यायला किंवा सगळ्या दातांना कॅप बसवायला न सांगणारा दंतवैद्य निवडावा. छातीत जडपणा आणि घामासह अचानक डावा जबडा दुखू लागला, तर यांपैकी कोणाकडेच न जाता थेट इस्पितळ गाठावे.