फळी पाण्याने वळत नाही

लाकडी जहाजाची प्रतिकृती करणाऱ्या कुणालाही विचारा, नाळेजवळची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळची, फळी कशी वळवलीत? बहुतेक जण सांगतील, रात्रभर पाण्यात भिजत घातली. प्रत्यक्षात लाकूड वळतं ते उष्णतेने. पाणी तिला मदत करतं, इतकंच. हा फरक कळला नाही की फळ्या तडकतात, आणि हाताला कौशल्य नाही असं समजून चांगले हौशी लोक अर्ध्यावर काम सोडतात.

उदाहरणासाठी आपल्या मुंबईचंच जहाज घेऊ. ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमाराचं फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ते मलबारी सागवानात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडलं. त्याचे पहिले नकाशे घेऊन येणारं ‘जावा’ हे जहाजच १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडलं होतं, म्हणून नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट. १:६४ या प्रमाणात ती ७१ सेंटिमीटर होते, म्हणजे टेबलावर मावते. बाहेरची ३ इंच जाडीची फळी या प्रमाणात १.२ मिलिमीटर भरते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण १ मिलिमीटर धरू.

मूळ जहाज सागाचं असलं तरी प्रतिकृतीला साग वापरू नये. सागाच्या वाढीच्या वलयातली मोठी छिद्रं सुमारे पाव मिलिमीटरची असतात. ६४ पट केलं तर दीड सेंटिमीटरची भोकं! बारीक पोताचा हेदू त्यापेक्षा कितीतरी बरा.

आता वळणाकडे येऊ. लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब, ताठ तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. सळ्या आणि सिमेंट असंच समजा, फक्त हे सिमेंट तापवल्यावर मऊ होतं. कोरड्या लाकडात त्यासाठी दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापमान लागतं. लाकूड ओलं असेल तर ७० ते १०० अंशांतच काम भागतं. पाण्याचा खरा उपयोग हा: ते लिग्निनचं मऊ व्हायचं तापमान खाली आणतं. थंड पाण्यात लिग्निन ताठच राहतं. लाकडातला तिसरा घटक, हेमिसेल्युलोज, मात्र थंड पाण्यातही सैल पडतो. भिजवलेली पातळ फळी थोडीफार वाकते ती त्यामुळे, आणि गैरसमजाला तेवढं पुरतं. खरं काम उष्णतेचं, हे बांबूची काठी विस्तवावर शेकून सरळ करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

माझ्या मते यातला सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. फळी वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण किती? जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. १ मिलिमीटर फळी २५ मिलिमीटर त्रिज्येत वळवली तर १ भागिले ५०, म्हणजे २ टक्के. कोरडं लाकूड साधारण १ टक्का ताणलं गेलं की तुटतं. वाफवलेलं लाकूडसुद्धा ताणायला फारसं तयार नसतं, १ ते २ टक्केच. पण दाबायला गेलात तर वळणासाठी चांगलं असलेलं वाफवलेलं लाकूड लांबीत २५-३० टक्क्यांपर्यंत आखडू शकतं! पेशींच्या भिंतींना सूक्ष्म घड्या पडतात आणि मऊ लिग्निनमुळे तंतू एकमेकांवरून सरकतात. म्हणजे बाहेरची बाजू अजिबात ताणू द्यायची नाही, सगळा बदल आतल्या बाजूने सोसायचा. एकोणिसाव्या शतकात मायकेल थोनेटने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या केल्या त्या याच युक्तीने. तो बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधायचा आणि टोकं अडवून धरायचा. आपल्या चिमुकल्या फळीला पितळेची पातळ पट्टी पुरते. फळी ओली करून, पट्टीसकट तापलेल्या नळीवर हळूहळू दाबायची. पूर्ण थंड आणि कोरडी होईपर्यंत साच्यात अडकवून ठेवायची, नाहीतर ती उलगडते.

अमोनियाचा सल्लाही फिरत असतो. निर्जल द्रवरूप अमोनिया लाकूड खरोखर लवचीक करतो, कारण तो सेल्युलोजच्या स्फटिकांतही शिरतो. घरगुती अमोनिया म्हणजे पाण्यातलं पातळ द्रावण. त्याने तो परिणाम मिळत नाही, वास मात्र सुटतो आणि लाकूड काळवंडतं.

आणि ओली फळी कधीच चिकटवू नका. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत मात्र काही टक्के फुगतं. पावसाळ्यात चिकटवलेल्या ओल्या फळ्यांमध्ये हिवाळ्यात फटी दिसतात त्या यामुळे.

उष्णतेलाही मर्यादा आहे. फळी जाडीच्या अंगाने वळते. रुंदीच्या अंगाने वळवायची झाली तर ४ मिलिमीटर रुंदीला तेवढ्याच वळणात चौपट ताण येतो, आणि त्याआधीच ती पिळून सांगाड्यावरून उचलली जाते. जहाजाचा पृष्ठभाग दोन दिशांनी वक्र असतो, सपाट पट्ट्या त्यावर सरळ बसूच शकत नाहीत. म्हणून फळी निमुळती करायची. मधल्या बरगडीवर घेर १२० मिलिमीटर आणि फळ्या ३० असतील तर प्रत्येकी ४ मिलिमीटर. नाळेपाशी घेर ६६ उरला तर २.२. रुंदी निम्म्याखाली जायला लागली की एक फळी आधीच संपवून दोघींची जागा एकीला द्यायची.

या प्रतिकृती हल्ली भरभराटीसाठीही विकल्या जातात. जहाजाचं तोंड घराच्या आत असेल तर पैसा आत येतो म्हणे. शिडांच्या दिशेचा आणि बँकेतल्या शिलकेचा काडीचाही संबंध नाही, आणि इतक्या कष्टाच्या वस्तूला असल्या आधाराची गरजही नाही.

मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ची बातमी अनेकांनी वाचली असेल. अजिंठ्याच्या चित्रावरून साकारलेलं, काथ्याने शिवलेलं शिडाचं जहाज. त्याच्याही फळ्या वाफ देऊनच वळवल्या गेल्या. टेबलावरची १ मिलिमीटरची पट्टी किटलीच्या वाफेवर धरली की तिच्यातलं लिग्निन त्याच तापमानाला सैल होतं. फक्त जाडी कमी असल्याने वाफ काही मिनिटांतच आरपार पोचते, आणि ती तितक्याच झपाट्याने थंडही होते. म्हणून साचा आणि चिमटे आधीच हाताशी मांडून मगच किटली चढवा.