पर्यायी डोमेन नाव व्यवस्था

इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या (स्थापना १९९८) देखरेखीखालील रूटला, म्हणजे सर्व उच्चस्तरीय डोमेनांच्या मूळ यादीला, समांतर रूट चालवून नवी उच्चस्तरीय डोमेने, म्हणजे .कॉम, .इन यांसारखी शेपटे, देणारी व्यवस्था. डोमेन नावांची मूळ रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक सप्टेंबर १९९५ हा आरंभ धरतात. तोवर फुकट मिळणाऱ्या .कॉम नावांना ती नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने तेव्हा दोन वर्षांचे १०० डॉलर शुल्क लावले. इतर काही जण इंटरनेटच्या नावांचे व क्रमांकांचे वाटप सांभाळणारे जॉन पोस्टेल यांच्या १९९६ मधील नव्या डोमेनांच्या प्रस्तावाला अधिक महत्त्व देतात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. यूजीन कॅशपुरेफ यांचे अल्टरनिक हे पर्यायी रूट १९९५-९६ च्या सुमारासच उभे राहिले होते. जुलै १९९७ मध्ये कॅशपुरेफ यांनी अधिकृत नोंदणी संस्था इंटरनिकच्या संकेतस्थळाकडे जाणारे लोक अल्टरनिककडे वळवले. पुढे कॅनडात अटक झाल्यावर त्यांनी १९९८ मध्ये गुन्हा कबूल केला. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांच्या सांगण्यावरून आठ रूट चालकांनी आपले सर्व्हर त्यांच्या यंत्राकडे वळवले. हा प्रसंगही कधी कधी पर्यायी रूट म्हणून सांगितला जातो. ते काटेकोर नाही. रूटचा अधिकार चालकांच्या संमतीवर उभा आहे, एवढे मात्र त्यातून उघड झाले.

स्पर्धेचा रूढ डाव म्हणजे अधिकृत यादी जशीच्या तशी घेऊन तिच्यावर आपली नावे चढवणे. आंब्यावरच्या बांडगुळासारखाच हा प्रकार. ओपननिक (२०००) याच वाटेने गेले. न्यू.नेटने २००१ मध्ये इंटरनेट सेवादाते आणि वापरकर्त्याच्या संगणकात बसणारे प्लग-इन यांवर भर दिला. सेवादात्याने किंवा ग्राहकाने रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलल्याशिवाय पर्यायी नाव उघडत नाही, ही मूळची अडचण.

दुसरी अडचण नावांच्या टकरीची. नाशिकच्या बसस्थानकावर ‘ओझर’ म्हटले की वाहक निफाड तालुक्यातल्या, विमान कारखान्याच्या ओझरचे तिकीट फाडतो. जुन्नरकडे तोच शब्द विघ्नहराच्या देवळाला नेतो. माणूस ‘कोणते?’ म्हणून विचारतो, रिझॉल्व्हर विचारत नाही. .बिझ हे डोमेन एका पर्यायी रूटमध्ये आधीपासून चालू असताना २००१ मध्ये आयकॅननेही तेच सुरू केले. एकमेव रूट ही तांत्रिक गरज असल्याचे मत इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने मे २००० मध्ये आरएफसी २८२६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेच होते.

अलीकडे नेमकॉइन (२०११, .बिट) आणि हँडशेक (२०२०) यांनी ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर सामायिक ठेवलेल्या नोंदवहीचा, आधार घेतला. ओपननिकने .बिटची जोडणी २०१९ मध्ये तोडली. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर जाळ्याच्या .अनियनने स्पर्धा न करता २०१५ मध्ये आरएफसी ७६८६ द्वारे ते नाव राखून घेतले. धोरण म्हणून हे जास्त हुशारीचे ठरले.

मराठीसह आठ भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेले देवनागरी .भारत मात्र केंद्रीय रूटमधूनच मिळाले.