गाडीपासून किती आत जायचं, हे परतीचं ओझं ठरवतं

पूर्ण वाढलेल्या नर एल्कचं वजन ३०० किलोच्या पुढे जातं. काश्मीरच्या हंगुल हरणाचा हा थोराड नातलग उत्तर अमेरिकेत राहतो, आणि रॉकी पर्वताच्या कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या राज्यांत दर शरद ऋतूत परवाना काढून त्याची शिकार होते. हाडं वेगळी केली तरी ९० ते १०० किलो मांस उरतं. शिंगांसकट डोकं न्यायचं असेल, तर आणखी १५ ते २० किलो. हे सगळं बहुतेक वेळा माणसाच्या पाठीवरून गाडीपर्यंत पोचवावं लागतं. त्यामुळे शिकारी गाडी सोडून किती आत जातो, यात हिमतीपेक्षा ओझं, श्वास आणि मांस थंड होण्याचा वेग यांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशी शिकार बंद आहे. पण चालण्याचं हे शास्त्र सॅक घेऊन सह्याद्री पालथा घालणाऱ्यांनाही तंतोतंत लागू पडतं.

आधी माणसांकडे पाहू. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरणांच्या शिकाऱ्यांजवळ जीपीएस यंत्रं देऊन त्यांच्या वाटा नोंदवल्या गेल्या, तेव्हा बहुतेक जण रस्त्याच्या आसपासच राहिल्याचं दिसलं. आपण किती आत गेलो होतो असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेलं अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त होतं. हे खोटं बोलणं नव्हे. रानात माणूस सरळ चालत नाही. ओढा ओलांडतो, पडलेल्या झाडांना वळसा घालतो, मागे फिरतो. पायांनी पाच किलोमीटर मोजलेले असतात, पण नकाशावर रस्ता जेमतेम एका किलोमीटरवर असतो.

एल्कला मात्र रस्ता नेमका कुठे आहे, हे ठाऊक असतं. ओरेगॉन राज्यातल्या स्टार्की प्रायोगिक वनात सुमारे १०० चौरस किलोमीटर जंगलाला उंच कुंपण घालून १९८९ पासून एल्क आणि म्यूल हरणांचा माग काढला जातो आहे. वाहतूक असलेल्या रस्त्यांपासून एल्क दूर सरकतात आणि हा परिणाम एक-दीड किलोमीटरपर्यंत जाणवतो, हे तिथे स्पष्ट झालं. माणूस पायी किंवा घोड्यावर असेल, तर ते साधारण अर्धा किलोमीटर अंतर राखतात. एटीव्ही, म्हणजे रानात चालणारी चारचाकी मोटारसायकल असेल, तर पाऊण किलोमीटरहूनही जास्त. गंमत अशी की म्यूल हरणं उलट रस्त्याच्या जवळ आढळली. एल्क जिथे नाहीत तिथे ती सरकत असावीत.

कॅनडातल्या अल्बर्टात जीपीएस पट्टे बांधलेल्या एल्कवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. जे एल्क जास्त हिंडत होते आणि उघड्यावर येत होते, ते मारले गेले, बुजरे वाचले. पुढे माद्यांच्या अभ्यासात दिसलं की वय वाढतं तसतशा त्या हंगामात हालचाल कमी करतात, आणि नऊ-दहा वर्षांच्या पुढची मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. म्हणजे रस्त्यालगतचं रान नुसतं रिकामं होत नाही. तिथे न फिरकणारे प्राणीच मागे उरतात.

मग सरळ पाच किलोमीटर आत घुसावं का? इथे भूमिती आडवी येते. समजा दोन समांतर वनरस्ते चार किलोमीटर अंतरावर आहेत. त्यांच्यामध्ये कुठेही उभे राहा, जवळचा रस्ता दोन किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. एका रस्त्यावर गाडी लावून तीन किलोमीटर चालणारा दुसऱ्या रस्त्यापासून एका किलोमीटरवर पोचलेला असतो. त्याने घाम गाळला तो दुसऱ्याच्या गाडीजवळ जाण्यासाठी. म्हणून ‘माझ्या गाडीपासून किती’ याऐवजी ‘कोणत्याही चालू रस्त्यापासून किती’ हे मोजायला हवं. अमेरिकी वनखातं प्रत्येक राष्ट्रीय वनासाठी मोटार वाहन वापराचा नकाशा फुकट देतं. कोणता रस्ता कोणत्या तारखांना कोणत्या वाहनांना खुला आहे, हे त्यात असतं. फाटक लावून बंद केलेला रस्ता साध्या नकाशावर रस्ताच दिसतो. इथे तो गळलेला असतो. त्या नकाशातल्या प्रत्येक खुल्या रस्त्याभोवती दीड किलोमीटरचा पट्टा रंगवा. जे कोरे तुकडे उरतील, ते पाहण्याजोगे. अनेक वनांत ते फार थोडे निघतात. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेत रस्त्यापासून सर्वांत लांबची जागा वायोमिंगमधल्या थरोफेअर भागात, यलोस्टोनच्या आग्नेय कोपऱ्यापाशी आहे. तीसुद्धा सरळ रेषेत ३० किलोमीटरहून थोडी जास्त, इतकीच.

कोरा तुकडा सापडला की वेळ काढायची. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. अमेरिकी भूगर्भखात्याच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये ४० फूट, म्हणजे १२ मीटर असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. दहा जाड रेषा चढलात की ६०० मीटर झाले, एक तास वाढवा. भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोब्लरचं १९९३चं सूत्र याहून बारीक आहे. त्यात सर्वाधिक वेग, ताशी सहा किलोमीटर, किंचित उतारावर येतो. पायवाट सुटली की येणाऱ्या वेगाला ०.६ने गुणायचं. हे दोन्ही हिशेब हलक्या पाठीचे आहेत, आणि बहुतेकांचं नियोजन इथेच थांबतं.

ओझं आलं की पँडॉल्फ समीकरणाकडे वळावं लागतं. अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी ते १९७७ मध्ये मांडलं. शरीराचं वजन, ओझं, वेग, चढ आणि जमीन यांवरून शरीर किती वॅट खर्च करतं, हे त्यातून निघतं. जमिनीचा गुणक डांबरी रस्त्याला १, मातीच्या वाटेला १.१, दाट झुडपांना १.५ असा आहे. ८० किलोचा माणूस १० किलोची सॅक घेऊन सपाट मातीच्या वाटेवर ताशी चार किलोमीटर चालला, तर खर्च सुमारे ३०० वॅट. तोच माणूस ३५ किलो घेऊन दाट झुडपांतून १० टक्के चढावर ताशी अडीच किलोमीटर चालू लागला, तर ७१० वॅट. अंतराच्या हिशेबात पहिल्या स्थितीत किलोमीटरला साधारण ६६ किलोकॅलरी लागतात, दुसऱ्या स्थितीत २४३.

पण ७१० वॅट टिकवता येतात का? त्यासाठी मिनिटाला दोन लिटरहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. बऱ्यापैकी तंदुरुस्त, ८० किलोच्या माणसाची कमाल क्षमता समुद्रसपाटीला सव्वातीन लिटर धरली, तर कोलोरॅडोच्या ३,००० मीटर उंचीवर ती पावणेतीनच्या आसपास उतरते. दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला अंदाजे एक टक्का कमी होत जाते. म्हणजे कमाल क्षमतेच्या पंचाहत्तर टक्क्यांवर तासन्‌तास राबायचं. ते होत नाही. तासांच्या कामाला निम्मी क्षमता हाच सुरक्षित आकडा, आणि त्या मर्यादेत तेच ओझं, तोच चढ ठेवला की वेग ताशी दीड किलोमीटरवर येतो. परतीला उशीर होतो तो इथे. दम लागला म्हणून माणूस स्वतःला दोष देतो, पण त्याने वेगच चुकीचा धरलेला असतो.

आता फेऱ्या मोजू. एकटा शिकारी ९५ किलो मांस तीन खेपांत नेईल, चौथी खेप डोकं आणि मुक्कामाचं सामान. मारल्या जागेपासून सुरुवात धरली, तर चार वेळा भरलेलं जाणं आणि तीन वेळा रिकामं परतणं, म्हणजे अंतराची सातपट. भरल्या पाठीने ताशी अडीच आणि रिकाम्या पाठीने ताशी चार किलोमीटर धरा. तीन किलोमीटर आत असाल तर २१ किलोमीटर चाल आणि सात तास. पाच किलोमीटरला ३५ किलोमीटर, जवळजवळ बारा तास. आठ किलोमीटरला ५६ किलोमीटर आणि एकोणीस तास. भरल्या खेपा वर सांगितलेल्या चढातून असतील, तर पाच किलोमीटरचेच सतरा तास होतात. गाडी डोंगराच्या माथ्यावर आणि शिकार खालच्या घळीत, ही सर्वांत वाईट मांडणी. सकाळी हलक्या पाठीने उतरताना ती सोपी वाटते, म्हणून फसवते. गाडी खाली नि शिकार वर असेल तर श्वास वाचतो. मात्र उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी, नेमकं तिसऱ्या खेपेला उगवतं. चालण्याच्या काठ्या दोन घ्याव्यात, आणि जड मांस सॅकमध्ये पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या उंचीवर बांधावं. तळाशी लोंबलं तर सॅक मागे ओढते.

दुसरं घड्याळ मांसाचं. जिवंत एल्कचं शरीर ३८-३९ अंश सेल्सिअसला असतं, कातडं जाड आणि केस पोकळ. मांडीच्या हाडाभोवतीचं मांस सर्वांत शेवटी थंड होतं आणि तिथूनच आंबू लागतं. म्हणून लांब आत गेलेले शिकारी पोट न फाडता तुकडे करतात. जनावर कुशीवर ठेवायचं, पाठीच्या कण्यावरून कातडं चिरून खाली सोलायचं. पुढचा पाय आधी निघतो, कारण त्याला धडाशी जोडणारा हाडाचा सांधाच नसतो. नुसते स्नायू कापले की सुटतो. मागच्या पायाला खुब्याचा गोळा-वाटी सांधा असतो, तो आतून उघडून कापावा लागतो. मग कण्यालगतची लांब पट्टी आणि मानेचं मांस. शेवटच्या बरगडीमागे चीर देऊन आतली मऊ पट्टी काढायची आणि जनावर उलटवायचं. मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांतच ठेवायचं, सावलीत टांगायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत उष्णता कोंडते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. सप्टेंबरात दुपारी २० अंशांच्या पुढे पारा जात असेल, तर पाच किलोमीटर एकट्याला फार. नोव्हेंबरात रात्री पाणी गोठवणारी थंडी असेल, तर तेच अंतर दोन दिवसांत जमतं. अनेक राज्यांत खाण्याजोगं मांस रानात सोडणं हा गुन्हा आहे, तेव्हा ‘जमेल तेवढं नेऊ’ हा पर्याय नाही.

चाकं लावून सुटका होईल, असंही नाही. १९६४च्या विल्डरनेस (संरक्षित रान) कायद्याखालच्या क्षेत्रांत मोटारच काय, हातगाडीसुद्धा चालत नाही. तिथे घोडे किंवा खेचरं लागतात. एक जनावर साधारण ७० किलो नेतं, म्हणजे एका एल्कला दोन.

पहिली खेप नेण्याआधी उरलेल्या पिशव्या जनावराच्या सांगाड्यापासून शंभर मीटर तरी दूर, उंच आणि लांबून दिसतील अशा जागी टांगाव्यात. ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशात परतताना वारा पाठीवर ठेवून, बोलत, अस्वलावर मारायचा फवारा हातात धरून यावं, आणि उघड्या सोंडेवर थांबून दुर्बिणीने पिशव्या आधी पाहाव्यात. एखादी पिशवी खाली ओढलेली किंवा माती-पाल्याखाली पुरलेली दिसली, तर ते मांस अस्वलाचं झालं. तिथूनच मागे फिरावं.