बेने इस्रायलींना इस्रायलचे दार १९६४ पर्यंत बंद होते, हे खरे नाही

रायगडच्या किनाऱ्यावर एकेकाळी ‘शनिवार तेली’ (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, १९६४ पर्यंत इस्रायलमध्ये नागरिकत्वच मिळत नव्हते, असे अनेक वर्षे सांगितले जाते. ते बरोबर नाही. ५ जुलै १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि त्याच आधारावर कोकण-मुंबईतली कुटुंबे तेव्हापासूनच जात होती. वाद होता तो विवाहाचा: १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने, म्हणजे ज्यूंच्या सर्वोच्च धर्मपीठाने, त्यांच्या लग्नापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, जेरुसलेममध्ये निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये निर्देशातला त्यांच्या नावाचा उल्लेख काढण्यात आला. नागरिकत्व सरकार देते, लग्न रब्बीपीठ लावते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, इतकेच.

म्हणूनच आजही ‘अलिया’ची, म्हणजे इस्रायलला कायमचे राहायला जाण्याची, तयारी विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर कपाटातल्या कागदांपासून सुरू होते. जन्मदाखला, आईवडिलांचा ‘केतुबा’ म्हणजे विवाहकरार आणि ज्यू असल्याबद्दल रब्बीचे (धर्मगुरूचे) किंवा समाजाचे पत्र जमवताना, एका दाखल्यावर ‘पेणकर’ आणि दुसऱ्यावर नुसते वडिलांचे नाव असेल, तर ती दुरुस्ती इथेच करून घेणे शहाणपणाचे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हेही घरात आधीच बोलून घ्यावे.