हुक कोणाच्या मशीनवर चालतो? कमिट आणि पुशला जोडलेल्या स्क्रिप्ट्सची पार्श्वभूमी

सबव्हर्जन आणि गिट ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी, म्हणजे व्हर्जन कंट्रोलची साधने. बदल त्या इतिहासात नोंदवणे म्हणजे कमिट, आणि अशा ठरावीक क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट म्हणजे हुक. सबव्हर्जनमध्ये प्री-कमिट नावाचा हुक आहे आणि गिटमध्येही त्याच नावाचा हुक आहे. नाव एकच, वजन मात्र वेगळे. सबव्हर्जनचा हुक सर्व्हरवर चालतो आणि त्याने नकार दिला की विषय संपला. गिटचा हुक प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या मशीनवर चालतो आणि कमांडला एक पर्याय जोडला की त्याला बगल देता येते. 'आमच्याकडे प्री-कमिट लावलाय, त्यामुळे चुकीचा कोड येऊच शकत नाही' असे म्हणणाऱ्या टीमची फसगत इथेच होते. म्हणून कोणता हुक कोणत्या साली आला यापेक्षा तो कुठे चालतो आणि तो बदलायचा हक्क कोणाकडे असतो, या अंगाने हा इतिहास वाचलेला बरा.

वॉल्टर टिची यांची १९८०च्या दशकातली आरसीएस ही व्हर्जन कंट्रोलची प्रणाली एकेका फाइलपुरती होती. तिला काही जोडायचे तर चेक-इन आणि चेक-आउटच्या कमांडींवर स्वतःची शेल स्क्रिप्ट चढवायची आणि सगळ्यांना तीच वापरायला सांगायचे, एवढाच मार्ग होता. तिच्यानंतर आलेल्या सीव्हीएसचा जन्मही असाच झाला. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेले सीव्हीएस म्हणजे आरसीएसवर चढवलेल्या शेल स्क्रिप्ट्सच होत्या. पुढे १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी ते सी भाषेत नव्याने लिहायला घेतले.

सीव्हीएसमध्ये रेपॉझिटरीतच, म्हणजे सगळा इतिहास साठवला जातो त्या जागीच, 'सीव्हीएसरूट' नावाची डिरेक्टरी असे आणि तिच्यात कमिटइन्फो, व्हेरिफायमेसेज, लॉगइन्फो, टॅगइन्फो अशा साध्या मजकुराच्या फाइली असत. प्रत्येक ओळीत डावीकडे डिरेक्टरीच्या नावाशी जुळवायचा रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधनमुना) आणि उजवीकडे चालवायचा प्रोग्रॅम. कमिटइन्फोतला प्रोग्रॅम शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड (निकाल सांगणारा आकडा) घेऊन संपला की कमिट रद्द. 'शून्य म्हणजे पुढे जा, बाकी काहीही म्हणजे थांब' हा करार आजही अडवू शकणाऱ्या प्रत्येक हुकमध्ये जसाच्या तसा आहे.

अडचण होती ती सीव्हीएसच्या रचनेत. अख्खे कमिट हे एक एकक नव्हते. काम डिरेक्टरीगणिक चाले आणि लॉगइन्फोही डिरेक्टरीगणिक. दहा डिरेक्टऱ्यांना हात लावणारा एक बदल केला की यादीवरच्या सगळ्यांना दहा ईमेल. यावर तोडगा म्हणून स्क्रिप्ट्सची एक जोडी फिरत असे. कमिटइन्फोत लावलेली पहिली स्क्रिप्ट शेवटची डिरेक्टरी कोणती ते तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवी. लॉगइन्फोतली दुसरी मजकूर साठवत राही आणि ती शेवटची डिरेक्टरी आली की एकच ईमेल धाडी. मधे काही तुटले तर ती तात्पुरती फाइल तशीच पडून राहायची.

सीव्हीएसरूटच्या या फाइली स्वतःही व्हर्जन कंट्रोलमध्येच असत. त्या चेक-आउट करायच्या, बदलायच्या, कमिट करायच्या, लगेच लागू. सोय मोठी होती आणि धोकाही तेवढाच, कारण सीव्हीएसरूटवर लिहायची परवानगी असणे म्हणजे सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवायची परवानगी असणे.

कोलॅबनेट या कंपनीने २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू केले, १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. इथे हुक रेपॉझिटरीच्या 'हुक्स' डिरेक्टरीत गेले आणि ही डिरेक्टरी व्हर्जन कंट्रोलच्या बाहेर ठेवली गेली. सर्व्हरवर लॉग-इन असलेल्यालाच हुक बदलता येऊ लागले. मोठा फरक पडला तो अखंड कमिटमुळे. आधी ट्रान्झॅक्शन तयार होते, ते मंजूर झाले तरच त्याला रिव्हिजन क्रमांक मिळतो. प्री-कमिट हुकला रेपॉझिटरीचा पाथ आणि ट्रान्झॅक्शनचे नाव मिळते, पोस्ट-कमिटला पाथ आणि रिव्हिजन क्रमांक. प्री-कमिटमध्ये रेपॉझिटरीतला मजकूर पाहायची 'एसव्हीएनलुक' ही कमांड वापरताना ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्यायचा राहिला, तर ते निमूटपणे आधीचीच रिव्हिजन तपासते आणि सगळे आलबेल असल्याचे सांगते. ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही, कारण हुक 'चालत' असतो.

सबव्हर्जन हुकला जवळजवळ रिकामे एन्व्हायर्नमेंट देते. प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणारे पाथ व्हेरिएबलसुद्धा नसते. हाताने चालवली तर बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट हुक म्हणून कोसळते, त्याचे पहिले कारण हेच. प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ लिहायचा, हा त्यावरचा उपाय. शिवाय प्री-कमिट हुकने ट्रान्झॅक्शनमध्ये बदल करायचा नाही, हा नियम. स्पेसेस नीट करून द्याव्यात असा मोह प्रत्येकाला होतो. पण सर्व्हरने परस्पर बदललेली फाइल क्लायंटला कळत नाही आणि त्याची वर्किंग कॉपी त्या रिव्हिजनशी जुळेनाशी होते. आणखी एक हुक वेगळा: प्री-रेव्हप्रॉप-चेंज. तो लावलेला नसेल तर जुन्या कमिटचा संदेश सुधारता येतच नाही. हा संदेश म्हणजे रिव्हिजन प्रॉपर्टी, आणि तिचा इतिहास राहत नाही, जुना मजकूर कायमचा जातो. म्हणून इथे हुक नसणे म्हणजेच नकार.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले, त्याच महिन्यात मर्क्युरिअलही आले. दोन्हींत कमिट स्वतःच्या मशीनवर होऊ लागले. सबव्हर्जनमध्ये जो एकच क्षण होता त्याचे आता दोन झाले: कमिट आणि पुश, म्हणजे ते कमिट सर्व्हरकडे पाठवणे. हुकही त्याप्रमाणे दोन घरांत विभागले गेले. प्री-कमिट, कमिट-मेसेज, पोस्ट-चेकआउट, प्री-रीबेस ही मंडळी लोकल. अपडेट, प्री-रिसीव्ह, पोस्ट-रिसीव्ह सर्व्हरवर. नावे जुनीच राहिल्यामुळे घर बदलल्याचे अनेकांच्या लक्षात आले नाही.

सुरुवातीच्या काळात सर्व्हरवर अपडेट आणि पोस्ट-अपडेट हेच हुक होते. पोस्ट-अपडेटच्या नमुन्यात सर्व्हरची माहिती ताजी करणारी एकच कमांड असे, कारण साध्या एचटीटीपीवरून क्लोन करणाऱ्यांना (अख्खी रेपॉझिटरी उतरवून घेणाऱ्यांना) ब्रँचची, म्हणजे कामाच्या समांतर शाखांची, यादी एका तयार फाइलीतून वाचावी लागे. अपडेट हुक प्रत्येक रेफसाठी (ब्रँच किंवा टॅगच्या नावासाठी) स्वतंत्र चालतो, त्यामुळे एकाच पुशमधल्या तीन ब्रँचपैकी दोन स्वीकारल्या आणि एक नाकारली, असे होऊ शकते. २००७ मधल्या १.५.१ आवृत्तीने प्री-रिसीव्ह आणि पोस्ट-रिसीव्ह आणले. हे दोन्ही पुशमागे एकदाच चालतात आणि जुना हॅश (कमिटची ओळख असलेला लांब क्रमांक), नवा हॅश, रेफचे नाव अशा ओळी स्टँडर्ड इनपुटवर घेतात. प्री-रिसीव्हचा निकाल सरसकट असतो: एक ओळ नापास तर सगळा पुश नापास. ब्रँच नवी असेल तर जुन्या हॅशच्या जागी चाळीस शून्ये येतात. काढून टाकली असेल तर नव्याच्या जागी. या दोन स्थितींचा विचार न केलेली स्क्रिप्ट पहिल्या नव्या ब्रँचलाच अडखळते.

नमुना हुकांचाही एक किस्सा आहे. गिट नवी रेपॉझिटरी बनवताना हुकांचे नमुने तिच्यात टाकते. आधी ते केवळ एक्झिक्यूट परवानगी नसल्यामुळे बंद असत. पण काही फाइल सिस्टिम्सवर ही परवानगी नीट पाळलीच जात नाही, तिथे नमुने आपोआप चालू होत. २००८ च्या १.६.० पासून त्यांच्या नावापुढे 'सॅम्पल' हे शेपूट लागले. युनिक्सवर मात्र परवानगीची अट आजही आहे. हुक लिहिला, शेपूट काढले, तरी काहीच होत नाही, तेव्हा आधी ती पाहावी. जाता जाता: प्री-कमिटचा नमुना जसाच्या तसा चालू केला, तर देवनागरी नाव असलेली नवी फाइल तो अडवतो. अशी नावे चालतील असे कॉन्फिगमध्ये सांगावे लागते.

लोकल प्री-कमिटची खरी खोच वेगळीच आहे. कमिटमध्ये जाते ते इंडेक्समधले, म्हणजे स्टेज केलेले (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेले); आणि बहुतेक स्क्रिप्ट्स तपासतात ते डिस्कवरचे. समजा, एका फाइलीतला निम्माच बदल स्टेज केला आहे आणि चूक सुधारणारी ओळ स्टेज करायची राहिली आहे. लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) डिस्कवरची सुधारलेली फाइल वाचतो, हिरवा कंदील देतो आणि कमिटमध्ये चूक जशीच्या तशी जाते. बरोबर पद्धत अशी: इंडेक्समधला मजकूर तात्पुरत्या डिरेक्टरीत काढून तिथे तपासायचा, नाहीतर स्टेज न केलेले बदल बाजूला ठेवून तपासणीनंतर परत आणायचे. दुसरी पद्धत सोपी वाटते, पण हुक मध्येच मारला गेला तर बाजूला ठेवलेले बदल शोधत बसावे लागते. 'प्री-कमिट' याच नावाचे पायथनमधले साधन आणि जावास्क्रिप्टवाल्यांचे लिंट-स्टेज्ड यांनी ही गुंतागुंत स्वतःकडे घेतली, हे त्यांच्या प्रसाराचे एक मोठे कारण.

या साधनांच्या प्रसाराचे दुसरे कारण म्हणजे हुक क्लोनबरोबर येत नाहीत. हे जाणूनबुजून केलेले आहे. क्लोनच्या शेवटी चेकआउट होते आणि पोस्ट-चेकआउट चालतो. समोरच्याचा हुक सोबत आला असता, तर अनोळखी रेपॉझिटरी नुसती क्लोन करणे म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम चालवणे ठरले असते. त्यामुळे टीमभर हुक पोचवायचे कसे, हा प्रश्न वर्षानुवर्षे सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट्सवर निभावला. जून २०१६ मधल्या २.९ आवृत्तीने 'कोअर हुक्सपाथ' हे सेटिंग दिले: हुक रेपॉझिटरीतल्या साध्या डिरेक्टरीत ठेवा आणि गिटला तिचा पत्ता सांगा. जावास्क्रिप्टवाल्यांचे हुक बसवणारे साधन हस्की, त्याने २०२१ मध्ये हाच मार्ग धरला. तरी ते सेटिंग प्रत्येकाने आपल्या मशीनवर एकदा करावेच लागते, आणि ते करताच डॉट-गिट या रेपॉझिटरीच्या लपलेल्या डिरेक्टरीतले जुने हुक गप्प होतात, याची आठवण बहुतेकांना उशिरा होते.

बगल द्यायचा पर्याय म्हणजे 'नो-व्हेरिफाय'. तो प्री-कमिट आणि कमिट-मेसेज दोन्ही टाळतो. पुशला लावला तर २०१३ मध्ये आलेला प्री-पुशही. कमिटमध्ये याचे छोटे रूप 'एन' आहे. पुशमध्ये मात्र 'एन' म्हणजे ड्राय रन, नुसती रंगीत तालीम, त्यामुळे सवयीने ते टाइप करणाऱ्याचा पुश होतच नाही. लोकल हुक वीस-तीस सेकंद घेऊ लागला की लोक हा पर्याय हमखास वापरतात. म्हणून प्री-कमिटमध्ये दोन-तीन सेकंदांत उरकेल तेवढेच ठेवावे. टेस्ट प्री-पुशला किंवा सर्व्हरवर.

सर्व्हरवरचे हुक नियम म्हणून टिकतात, पण त्यांचेही काही रोग जुनेच आहेत. पोस्ट-रिसीव्हमधून साइट अपडेट करणाऱ्या स्क्रिप्टला 'ही गिट रेपॉझिटरी नाही' अशी तक्रार हटकून येते. गिट हुक चालवताना रेपॉझिटरी कुठे आहे ते सांगणारे गिट-डिर हे व्हेरिएबल 'सध्याची डिरेक्टरी' या अर्थाच्या बिंदूवर लावून ठेवते. स्क्रिप्ट दुसऱ्या डिरेक्टरीत गेली तरी ते तसेच राहते. ते अनसेट केले की काम होते. लांबलचक काम बॅकग्राउंडला टाकले तरी पुश करणारा अडकून राहतो, कारण त्या कामाने स्टँडर्ड आउटपुट आणि एरर उघडेच ठेवलेले असतात. दोन्ही दुसरीकडे वळवावे लागतात. सबव्हर्जनच्या पोस्ट-कमिटमध्येही नेमके हेच होत असे.

२०१६ अखेरच्या २.११ आवृत्तीने एक जुनी गळती बंद केली. त्याआधी प्री-रिसीव्हने मोठी फाइल आहे म्हणून पुश नाकारला, तरी त्याचे ऑब्जेक्ट्स (फाइली आणि कमिट यांचा साठवलेला मजकूर) सर्व्हरच्या साठ्यात पोचलेले असत आणि साफसफाई होईपर्यंत जागा खात. डीफॉल्ट मुदत दोन आठवडे. रागाने पाच वेळा पुश करणारा माणूस डिस्क भरवू शके. आता ऑब्जेक्ट्स आधी क्वारंटाइनमध्ये थांबतात, नकार मिळाला तर तिथूनच पुसले जातात.

होस्टिंग सेवा वाढल्या तशी स्वतःच्या स्क्रिप्ट्स सर्व्हरवर ठेवायची सोय बहुतेकांची गेली. दुसऱ्याच्या सर्व्हरवर कोणाला शेल मिळणार? त्याची जागा वेबहुकने घेतली. पुश झाला की सेवा तुमच्या यूआरएलवर त्याची माहिती जेसन या मजकुराच्या साच्यात पाठवते. पूर्वी हडसन किंवा जेनकिन्स हा बिल्ड चालवणारा सर्व्हर ठरावीक मिनिटांनी रेपॉझिटरीत डोकावत असे, ते थांबले. पण वेबहुक काहीच अडवू शकत नाही. तो घडून गेल्याची वर्दी देतो. अडवण्याचे काम मग मर्जच्या, म्हणजे बदल मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याच्या, दाराशी गेले: स्टेटस चेक (आपोआप तपासणीचा निकाल) हिरवा असल्याशिवाय संरक्षित ब्रँचमध्ये मर्ज नाही. गिटहबचा वेबहुक दहा सेकंदांत उत्तराची अपेक्षा करतो आणि फसलेली डिलिव्हरी आपणहून पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे आलेला मजकूर रांगेत टाकून लगेच उत्तर द्यायचे आणि काम मागून करायचे. मजकूर खरा आहे हे पटवणारी, गुप्त किल्लीने केलेली एचमॅक सही तपासताना मूळ बाइट्सवरच तपासावी. जेसन पार्स करून पुन्हा बनवले की एखाद्या स्पेसच्या फरकाने सही जुळत नाही.

ट्रॅव्हिस, गिटलॅब सीआय आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले गिटहब ॲक्शन्स या कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सेवांनी स्क्रिप्ट पुन्हा रेपॉझिटरीच्या आत आणून ठेवली, यॅमल फाइलीच्या रूपात. तिच्याबरोबर सीव्हीएसरूटचा धोकाही परत आला: ती फाइल बदलणारा माणूस सर्व्हरवर काय चालेल ते ठरवतो. फोर्कमधून (रेपॉझिटरीच्या स्वतःच्या प्रतीतून) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घेण्याची विनंती, पाठवून दुसऱ्याच्या खर्चाने क्रिप्टो मायनिंग सुरू झाले, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये गिटहबने पूर्वी कधीच योगदान न दिलेल्याच्या वर्कफ्लोला मेंटेनरची मंजुरी सक्तीची केली. 'पुल-रिक्वेस्ट-टार्गेट' हा ट्रिगर तर आणखी जपून वापरायचा. तो मूळ रेपॉझिटरीच्या सीक्रेट्ससह (पासवर्ड, किल्ल्या) चालतो. त्यात फोर्कचा कोड चेकआउट करून बिल्ड केला, की ती सीक्रेट्स अनोळखी माणसाच्या हाती जातात.

लोकल बाजूही निर्धोक राहिलेली नाही. मे २०२४ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२४-३२००२ या त्रुटीत लहान-मोठ्या (इंग्रजी) अक्षरांतला भेद न करणाऱ्या फाइल सिस्टिमवर सबमॉड्यूल (रेपॉझिटरीत बसवलेली दुसरी रेपॉझिटरी) आणि सिमलिंक यांच्या संगनमताने क्लोन चालू असतानाच डॉट-गिटमध्ये हुक लिहिता येत होता. २.४५.१ ने ती बुजवली आणि वर क्लोनदरम्यान हुक चालवण्यावर जादा बंधन घातले. मोठ्या फाइली वेगळ्या साठवणारे गिट एलएफएस नेमके त्याच वेळी आपला पोस्ट-चेकआउट हुक बसवते, त्यामुळे एलएफएस वापरणाऱ्यांचे क्लोन तुटले आणि ते जादा बंधन २.४५.२ मध्ये मागे घ्यावे लागले.